पोलाद फक्त धारेपुरतं

रस्त्याच्या कामावर जेसीबी उभा दिसला तर त्याच्या बकेटकडे जरा जवळून बघा. लांबून ती एकसंध वाटते, पण तिच्या पुढच्या कडेला दात वेगळे बसवलेले असतात. झिजले की काढायचे, नवे लावायचे. डोझरच्या पात्याखाली तर एक लांब पट्टीच बोल्टने आवळलेली असते. खालची कड झिजली की मेकॅनिक बोल्ट सोडवतो, पट्टी फिरवून वरची कड खाली घेतो आणि पुन्हा काम सुरू. मशीन लाखो रुपयांचं असलं तरी दगडमातीशी थेट झुंजते ती एवढीशी पट्टी. आणि ती ज्या बोल्टने बसवतात, त्याला इंजिनिअरिंगच्या भाषेत नाव आहे ‘प्लाऊ बोल्ट’. म्हणजे नांगराचा बोल्ट! त्याचं डोकं पट्टीच्या भोकात बुडतं, वर काही उरत नाही, त्यामुळे माती अडकत नाही.

डोझरच्या बोल्टला नांगराचं नाव, कारण मातीत घुसणाऱ्या धारेचा सगळा हिशोब आधी नांगरावर मांडला गेला. कुठली धातू धारेला लावायची, कुठली मागे, झिजल्यावर काय करायचं, हे सगळं. तो हिशोब मांडणाऱ्यांत एका लोहाराचं नाव आज सगळ्यांत जास्त ऐकू येतं. हिरव्या ट्रॅक्टरवर पिवळ्या अक्षरांत ते तुम्ही शेकडो वेळा वाचलंय. जॉन डिअर. गंमत म्हणजे या माणसाने आयुष्यात ट्रॅक्टर पाहिलाही नाही. तो गेल्यावर ३२ वर्षांनी, १९१८ मध्ये, त्याच्या कंपनीने एक ट्रॅक्टर कारखाना विकत घेतला आणि त्या धंद्यात उतरली.

जॉनचा जन्म ७ फेब्रुवारी १८०४ चा, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या रटलंडचा. वडील शिंपी. १८०८ मध्ये ते इंग्लंडला जायला जहाजात बसले आणि परत आलेच नाहीत. काय झालं ते घरच्यांना कधीच कळलं नाही. आईने शिवणकाम करून पोरं वाढवली. जॉनचं शिक्षण जेमतेम. सतराव्या वर्षी, १८२१ मध्ये, तो मिडलबरी गावच्या बेंजामिन लॉरेन्स नावाच्या लोहाराकडे उमेदवारीला लागला. चार वर्षं भाता, ऐरण, घण. आजच्या भाषेत आयटीआय अधिक अप्रेंटिसशिप, फक्त सर्टिफिकेट नाही.

हात चांगला होता. त्याने केलेली गवताची काटेफावडी आणि फावडी त्या भागात नावाजली गेली, आणि नावाजली गेली ती मुख्यतः पॉलिशमुळे. काटे इतके घासून गुळगुळीत केलेले असायचे की गवत त्यांवरून सहज सुटायचं. ही घासायची सवय लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

पण हात चांगला असणं आणि धंदा चालणं या दोन वेगळ्या गोष्टी. १८२७ मध्ये डिमॅरियस लँब हिच्याशी लग्न झालं. मग स्वतःचं दुकान टाकलं, ते जळालं. पुन्हा उभं केलं, पुन्हा जळालं. लोहाराच्या दुकानाला आग लागणं त्या काळी नवलाचं नव्हतं, पण दोनदा लागली की माणूस कर्जात जातोच. १८३६ पर्यंत सावकाराने कोर्टात खेचण्यापर्यंत वेळ आली. त्या वर्षाच्या अखेरीस जॉन अवजारांची पेटी आणि थोडे पैसे घेऊन पश्चिमेला निघाला. मागे बायको आणि मुलं. बायको गरोदर होती. चार्ल्स नावाचा मुलगा मार्च १८३७ मध्ये जन्मला तेव्हा बाप हजार मैलांच्या आसपास लांब होता.

कंपनीच्या कौतुकाच्या गोष्टीत हा भाग ‘नशीब काढायला निघाला’ असा येतो. तो कर्ज चुकवूनही निघाला होता, आणि त्याचा भार काही काळ डिमॅरियसने उचलला. कुटुंब त्याच्याकडे पोचलं ते १८३८ मध्ये.

तो पोचला इलिनॉयमधल्या ग्रँड डिटूर या वस्तीत. रॉक नदीच्या मोठ्या वळणात वसलेलं छोटं गाव, व्हरमाँटहून आलेल्या लोकांनीच वसवलेलं. तिथल्या लिओनार्ड अँड्रसची लाकूड कापायची गिरणी एक दांडा तुटल्यामुळे बंद पडली होती, आणि जवळपास लोहार नव्हता. सांगतात की जॉनने दोन दिवसांत भट्टी मांडली आणि तो दांडा दुरुस्त करून दिला. म्हणजे नव्या गावातलं त्याचं पहिलं काम रिपेअरिंगचं.

पुढचे काही महिनेही तेच. घोड्यांचे नाल, साखळ्या, बिजागऱ्या आणि नांगर. दुरुस्तीला येणारे नांगर बघता बघता त्याला एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू यायला लागली. ती समजायला आधी तिथली माती समजून घ्यायला लागेल.

पूर्व किनाऱ्यावरून आलेले शेतकरी सोबत बिडाचे नांगर घेऊन आले होते. बीड म्हणजे ओतीव लोखंड. व्हरमाँटसारख्या भागातली हलकी, वाळूमिश्रित, दगडगोट्यांची माती अशा नांगराला चालते. पृष्ठभाग खरबरीत असला तरी मातीतल्या खड्यांनी तो घासून निघतो. इलिनॉयची प्रेअरी म्हणजे वेगळंच प्रकरण. हजारो वर्षं वाढून कुजलेल्या गवताची काळीभोर, सुपीक, चिकट माती, आणि वर मुळांचं घट्ट जाळं. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या रानात पहिल्या पावसानंतर चप्पल घालून गेलेल्यांना वेगळं सांगायला नको. ती माती बिडाच्या नांगराला थापल्यासारखी बसायची. चार पावलं गेलं की थांबा, लाकडी फळीने माती खरवडा, पुन्हा चार पावलं. बिडाची कड मुळांना कापायच्या ऐवजी फाडायची. देशातली सगळ्यांत सुपीक जमीन समोर, आणि ती नांगरता येत नाही म्हणून वैतागलेले काही जण परत फिरायच्या गोष्टी करायला लागले होते.

इथे एक गोष्ट बाजूला सांगायला हवी. ती जमीन मोकळी पडलेली नव्हती. जॉन तिथे पोचण्याच्या चारच वर्षं आधी, १८३२ मध्ये, याच रॉक नदीच्या खोऱ्यात ब्लॅक हॉकच्या नेतृत्वाखाली सॉक लोक आपल्या जमिनीसाठी लढून हरले होते. नांगराच्या गोष्टीत हे सहसा येत नाही.

तर १८३७. अँड्रसच्या गिरणीत करवतीचं एक तुटलेलं पातं पडलं होतं. सतत लाकूड कापून ते चकचकीत झालेलं. जॉनने ते मागून घेतलं. छिन्नीने दात तोडले, तुकडा कापला, भट्टीत लाल केला आणि ठोकून हवा तसा वाकवला. माती उलटवणारा नांगराचा पत्रा नुसता वाकडा असून चालत नाही, त्याला पिळदार वळण लागतं. कापलेली माती त्यावरून चढली पाहिजे, वळली पाहिजे आणि पालथी पडली पाहिजे. हे वळण कागदावर काढून देणारं कुणी नव्हतं. त्याने ते डोळ्याने आणि हाताने काढलं. मग व्हरमाँटची सवय कामाला आली. घासून घासून त्याने सगळा पृष्ठभाग आरशासारखा केला. आता माती चिकटायच्या ऐवजी घसरायला लागली, आणि पुढे सरकताना तीच माती पत्र्याला आणखी पॉलिश करायला लागली. शेतकऱ्यांची फळी सुटली.

‘करवतीच्या पात्यातून पोलादी नांगर’ ही गोष्ट इथे संपते असं सगळे सांगतात. पण १९५९ मध्ये स्मिथसोनियन संस्थेच्या एडवर्ड केंडॉल यांनी डिअरच्या सुरुवातीच्या नांगरांवर एक अभ्यास लिहिला. त्यांचं म्हणणं असं की या नांगरांमध्ये पोलाद होतं ते फक्त फाळाला, म्हणजे कापणाऱ्या धारेला. मागचा वळणदार पत्रा घडीव लोखंडाचा, गुळगुळीत घासलेला.

मला हा निष्कर्ष दंतकथेपेक्षा जास्त आवडतो, कारण तो लोहाराच्या डोक्याने केलेल्या विचारासारखा आहे. पोलाद त्या काळी महाग होतं आणि मिळायचंही मुश्किलीने. सगळा नांगर पोलादाचा करायला करवती आणायच्या कुठून? मग बघायचं की नांगर नेमका कुठे हरतोय. पत्र्यावर माती चिकटते, त्याला पॉलिश पुरे. मुळं कापताना कड बोथट होते, तिथे मात्र पोलादाशिवाय इलाज नाही. तेवढंच पोलाद तेवढ्याच जागी. जेसीबीच्या बकेटचं आजचं गणित यापेक्षा वेगळं नाही.

आणि धार म्हटली की नुसतं पोलाद पुरत नाही, त्याला पाणी द्यावं लागतं. मेकॅनिकलच्या मुलांनी हे हीट ट्रीटमेंटच्या धड्यात वाचलं असेल, पण गावातला लोहार ते कधीपासून करतोय. पोलाद लाल करून एकदम पाण्यात बुडवलं की ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. मग ते पुन्हा हलकं तापवून थोडा कडकपणा उतरवायचा. जास्त उतरला तर धार आठवड्यात जाते, कमी उतरला तर पहिल्याच दगडावर टवका उडतो. आपल्याकडे फाळ शेवटून घ्यायला लोहाराकडे नेतात तेव्हा तो हेच करतो. झिजलेलं टोक तापवून ठोकतो, पुढे काढतो, मग पाणी देतो. फारच झिजलं तर नवा पोलादी तुकडा जोडायचा. दोन्ही धातू पांढऱ्या उष्णतेपर्यंत तापवायच्या, सांध्यावर टाकणखार टाकून मळी वितळवायची आणि घणाच्या घावांनी एकजीव करायचं. वेल्डिंग मशीन यायच्या कितीतरी आधीचं हे वेल्डिंग. आजही कडक पोलादाचे दात बकेटला वेल्ड करायचे तर आधी ती जागा तापवून घेतात आणि नंतर सावकाश थंड होऊ देतात. घाई केली तर सांध्याशेजारी तडा जातो आणि दात कामावर गळून पडतो. अगदी त्या पहिल्या दगडावर उडालेल्या टवक्याचा भाऊबंद.

पुन्हा जॉनकडे येऊ. पोलादाचा नांगर करणारा तो पहिला होता का? नव्हता. जॉन लेन नावाच्या दुसऱ्या लोहाराने इलिनॉयमध्येच १८३३ मध्ये करवतीच्या पात्याचं पोलाद वापरून नांगर बनवला होता. सुटे भाग बदलता येतील असा बिडाचा नांगर जेथ्रो वुडने १८१९ मध्ये पेटंट केला होता. फाळ झिजला तर फक्त फाळ बदला, ही कल्पना त्याचीच चालवलेली. त्याही आधी, १७९७ मध्ये, चार्ल्स न्यूबोल्डने बिडाचा नांगर काढला, तर लोखंडाने जमिनीला विष चढतं म्हणून शेतकऱ्यांनी तो नाकारला. हे वाचून ओळखीचं वाटलं असेल. १९०३ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बाजारात आणला तेव्हा इथल्या शेतकऱ्यांनीही हीच शंका काढली होती, आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. शंभर वर्षांचं आणि अर्ध्या पृथ्वीचं अंतर, पण भीती तीच.

मग लेनचं नाव ट्रॅक्टरवर का नाही? याचं उत्तर जॉन डिअरच्या पुढच्या दहा वर्षांत आहे. १८३८ मध्ये त्याने फक्त तीन नांगर केले. १८३९ मध्ये दहा, १८४० मध्ये चाळीस. त्या काळचा लोहार गिऱ्हाईकाने सांगितल्यावर नांगर करायला घ्यायचा. जॉन आधी करून ठेवायचा, गाडीत घालून शेतावर न्यायचा आणि चालवून दाखवायचा. माल तयार ठेवून विकायचा हा प्रकार त्या धंद्यात नवा होता. दुसरी गोष्ट, तो डिझाइन सतत बदलायचा. एखाद्या शेतकऱ्याने फाळ लवकर झिजतो म्हटलं की पुढच्या नांगराचा फाळ वेगळा. भागीदारांना याचा वैताग यायचा. चाललेला माल कशाला बदलायचा, लोक घेतायत ना, असं त्यांचं म्हणणं. जॉनचं उलट, की आपण नाही सुधारला तर दुसरा सुधारेल आणि गिऱ्हाईक तिकडे जाईल. दुरुस्तीच्या ऐरणीवर बसलेल्या माणसाला गिऱ्हाईकाची तक्रार हीच सगळ्यांत खरी बातमी वाटते, हे मला इथे फार स्पष्ट दिसतं.

तुटलेल्या करवतींवर कारखाना चालत नाही, हेही लवकर कळलं. १८४३ मध्ये त्याने इंग्लंडमधून लाटलेलं पोलाद मागवलं. समुद्र, नद्या, मग बैलगाड्या-घोडागाड्या असा प्रवास करून ते ग्रँड डिटूरला पोचायचं. असला माल वेळेवर यायचाही नाही आणि परवडायचाही नाही. १८४६ मध्ये पिट्सबर्गच्या जोन्स अँड क्विग यांनी नांगरासाठीचं ओतीव पोलाद अमेरिकेतच बनवलं, आणि कच्च्या मालाची गाठ सुटायला लागली. १८४८ मध्ये अँड्रसशी भागीदारी मोडून जॉन मिसिसिपीच्या काठी मोलीन गावी गेला. यंत्रं फिरवायला नदीचं पाणी आणि माल न्यायला नदीचाच रस्ता. १८४९ मध्ये सोळाएक कामगारांनी दोन हजारांवर नांगर बनवले. १८५७ च्या सुमारास वर्षाचा आकडा दहा हजारांच्या घरात गेला.

त्याच १८५७ मध्ये अमेरिकेत मोठी मंदी आली. लोहार म्हणून अव्वल असलेला जॉन हिशोबात तितका पक्का नव्हता. कारभार हळूहळू चार्ल्सकडे गेला. हो, बाप लांब असताना जन्मलेला तोच चार्ल्स. विशीतल्या त्या पोराने कंपनी वाचवली आणि पुढे पन्नास वर्षं चालवली. १८६८ मध्ये ‘डिअर अँड कंपनी’ रीतसर नोंदली गेली. डिमॅरियस १८६५ मध्येच गेली होती. वर्षभराने जॉनने तिच्या बहिणीशी, ल्युसेनियाशी, लग्न केलं. १८७३ मध्ये तो मोलीनचा महापौर झाला. १७ मे १८८६ रोजी, ब्याऐंशीव्या वर्षी, तो गेला.

१८६८ सालची आणखी एक नोंद जाता जाता. पोलादाचा फाळ कडक केला की दगडावर मोडायचा, ही कटकट तोपर्यंत चालूच होती. त्या वर्षी जॉन लेनच्या, म्हणजे त्या पहिल्या करवतवाल्याच्या, मुलाने तीन थरांच्या पोलादाचं पेटंट घेतलं. वरखाली कडक, मध्ये मऊ. बाहेरचा थर झिजेला तोंड देतो, आतला धक्का सोसतो. नाव डिअरचं गाजलं, पण धारेचा सगळ्यांत मोठा प्रश्न लेनच्या घरातून सुटला. नाव कुणाचं राहतं याचा काही नियम नाही!

तो नांगर मात्र जिथे गेला तिथे गवताळ प्रदेश संपला. इलिनॉयला आजही ‘प्रेअरी स्टेट’ म्हणतात, पण मूळ प्रेअरी एक टक्काही उरलेली नाही.

आणि आजची बाजूही सांगायला हवी, कारण ती तुमच्या पिढीची आहे. पुण्याजवळ सणसवाडीत या कंपनीचे ट्रॅक्टर बनतात. अमेरिकेत मात्र गेली काही वर्षं तिथले शेतकरी आणि ही कंपनी यांच्यात दुरुस्तीवरून भांडण पेटलंय. यंत्रात सॉफ्टवेअर आलं, बिघाड शोधायची आणि दुरुस्ती पुरी करायची साधनं डीलरकडे राहिली. शेतकरी म्हणतात, ट्रॅक्टर आमचा, तर तो आमचा आम्हाला किंवा गावातल्या मेकॅनिकला दुरुस्त करता आला पाहिजे. कंपनी म्हणते, बहुतेक दुरुस्त्या आजही करता येतात आणि आम्ही साधनं वाढवतोय. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीवर दावा दाखल केला. त्यात सोबत असलेल्या राज्यांमध्ये एक इलिनॉय. ज्या राज्यात एका कर्जबाजारी लोहाराने दुसऱ्याच्या गिरणीचा दांडा दुरुस्त करून बस्तान बसवलं, तेच.

जॉनने १८३८ मध्ये केलेल्या त्या तीन नांगरांपैकी एक आज शिल्लक आहे. ग्रँड डिटूरजवळच्या जोसेफ ब्रियर्टन नावाच्या शेतकऱ्याने तो घेतला होता. १९०१ मध्ये चार्ल्स डिअरने तो शोधून परत विकत घेतला, आणि १९३८ मध्ये कंपनीने तो स्मिथसोनियनला दिला. लाकडी दांडे, घडीव लोखंडाचा वळणदार पत्रा, आणि पुढे पोलादाचा फाळ.